टाकलेल्या गादीचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांची काही एक अपेक्षा असते. मालवणच्या किनाऱ्यावर तर ती अधिकच असणार, कारण १६६४ साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला तो सिंधुदुर्ग समोर पाण्यात उभा आहे. मी मात्र आज किल्ल्याविषयी बोलणार नाही. जुनी गादी आणि जुना कोच यांविषयी बोलणार आहे. विषय सांगितला तेव्हा काहीजण हसले. मलाही तो पहिल्यांदा कोणी सांगितला असता तर मीही हसलो असतो. परंतु तो मला ज्या रीतीने भेटला त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांत व वाचनालयांत अधिक झाले. काही वर्षांपूर्वी एका गावी सफाई कामगारांच्या बैठकीत मी पगाराविषयी बोलून खाली बसलो. तेव्हा मागे बसलेल्या एक बाई उठून म्हणाल्या, "भाऊ, पगाराचा बोललात, बरा केल्यात. पन तो सोफो आमी खंय टाकूचो, ता सांगा." आदल्या आठवड्यात कोणीतरी रात्री एक कोच खाडीच्या काठी आणून टाकला होता. तो दोन दिवस तेथे पडला आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यास काडी लावली. या बाई तो विझवण्यास गेल्या. काळ्या धुराने त्यांचा जीव गुदमरला आणि पुढे तीन दिवस छाती भरलेली राहिली. कामावरच्या अपघातांच्या नोंदीत मात्र त्याचा कोठे मागमूस नव्हता. त्या बाईंच्या प्रश्नास मजजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न मोटारीने आणि फोमने आणलेला आजचा प्रश्न असला तरी त्याची मुळे जुनी आहेत.

आपल्या आजोबांच्या काळी कोकणातील सामान्य घरात भरलेले सामान असे कितीसे असे? ओटीवर बाकडे, पडवीत झोपाळा, निजण्यास चटई आणि घोंगडी, नाहीतर जुन्या लुगड्यांची गोधडी. कापसाची गादी ही पाहुण्यांसाठी आणि बाळंतिणीसाठी. कोच असलाच तर तो खोताकडे, वकिलाकडे, नाहीतर डॉक्टरांच्या दवाखान्यात. त्याच्या पोटात काय असे? सांगाडा फणसाचा किंवा सागाचा. त्यावर गोणपाट, सुतळीने बांधलेल्या लोखंडी स्प्रिंगा, त्यावर काथ्या, काथ्यावर कापूस आणि सर्वांवर जाड कापड. काथ्या तर आपल्या दाराशीच होत असे. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात कित्येक महिने कुजवायची, मग ठोकून त्यातून काथ्या काढायचा आणि त्याचे सुंभ वळायचे.

या वस्तू जुन्या होत, पण मरत नसत. पावसाळा संपला म्हणजे खांद्यावर पिंजण टाकून पिंजारी दारोदार येई. गादी उसवून आतला दडपलेला कापूस तो अंगणात पिंजी. ओलीने आणि वजनाने गोळा झालेले तंतू मोकळे होत, धूळ व काडीकचरा खाली पडे आणि त्यात थोडी नव्या कापसाची भर घातली की गादी पुन्हा उभी राही. गादीपाट विरला तर त्याच्या पिशव्या होत आणि पिशव्या विरल्या की पोतेरे. कापूस अगदीच निकामी झाला तर तो परसातल्या खतात जाई. स्प्रिंगा लोहाराकडे आणि लाकूड सुताराकडे जाई. काथ्या माडाच्या आळ्यात घातला की तो उन्हाळ्यात ओल धरून ठेवी. आपण जिला आज 'विल्हेवाट' म्हणतो ती अशी चार-पाच जणांच्या हातांनी, आपोआप, वर्षानुवर्षे चाले.

तो धंदा निर्दोष होता असे मात्र मी म्हणणार नाही. पिंजाऱ्याच्या छातीत ती धूळ जातच असे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकारास 'बिसिनोसिस' म्हणतात आणि १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश होता. परंतु त्या परिशिष्टाचा उपयोग कारखान्यातल्या कामगारास. अंगणात बसलेल्या पिंजाऱ्यास त्याचा आधार कधीच नव्हता. म्हणजे त्या काळीही आपली गादी दुसऱ्याच्या फुप्फुसाच्या जोरावरच नवी होत होती. ही गोष्ट आपण प्रथमच मनाशी कबूल केलेली बरी.

गादीच्या इतिहासातील सर्वांत कडवट प्रकरण कोकणात घडले नाही, मुंबईस घडले. तरी ते आपलेच आहे, कारण मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे होती. १९११ च्या जनगणनेच्या वेळी तेथील गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. मालवण, देवगड, वेंगुर्ले हा सारा किनारा तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. आगबोटीने मुंबईस उतरणाऱ्या या माणसाची सारी इस्टेट म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. पाळीवरून आलेला माणूस गावकीच्या खोलीत आपली वळकटी पसरी आणि पाळीवर जाताना ती गुंडाळून भिंतीशी ठेवी. चाळीतल्या त्या दाटीत त्याची स्वतःची म्हणावी अशी जागा ती वळकटीपुरतीच होती.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा रोगी आढळला. तो रोग ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. त्याने सरकारास घरे तपासण्याचे, माणसे वेगळी काढण्याचे, बोटीतून व आगगाडीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करण्याचे विस्तृत अधिकार मिळाले. रोग घाणीत आणि दूषित वस्तूंत वसतो अशी तेव्हाची समजूत होती. त्यामुळे रोग्याच्या घरातील अंथरूण-पांघरूण आणि कपडे बाहेर काढून जाळले जाऊ लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांवर होती. १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत तिच्यातील निम्म्याच्या आसपास माणसे शहर सोडून गेली. त्याआधी, १८९६ च्या ऑक्टोबरातच, सुमारे एक हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले होते. इतिहासाच्या पुस्तकांत याची कारणे भीती, अज्ञान आणि अफवा अशी दिलेली आढळतात. ती खोटी नाहीत. पण ज्याचे सारे घर एका वळकटीत मावते त्याची वळकटी जाळणे म्हणजे त्याचे घर जाळणेच होय, हे कारणही त्यांत घातले पाहिजे.

आता शास्त्राचा निवाडा पाहू. १८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीस प्रयोग करून दाखवले की, प्लेग मेलेल्या उंदरावरून पिसवांच्या द्वारे माणसाकडे येतो. प्रारंभी त्याचे कोणी ऐकले नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत झालेल्या संशोधनाने ते सिद्ध झाले. पिसू अंथरुणात दडू शकते, तेव्हा अंथरुणाकडे पाहणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. देवीच्या रोगात तर रोग्याचे अंथरूण खरोखरच रोग पसरवी. परंतु अंथरूण वाफेने निर्जंतुक करण्याची युक्ती त्या काळीही ठाऊक होती. जाळणे स्वस्त आणि झटपट, म्हणून जाळण्याकडे ओढा राहिला. वस्तूचा धोका ओळखणे हे शास्त्राचे काम झाले. तो धोका दूर करण्याचा खर्च कोणी सोसायचा हा न्यायाचा प्रश्न होता, आणि १८९७ साली तो खर्च ज्याच्याजवळ सर्वांत कमी होते त्याच्याच माथी बसला.

यानंतर गादीचे पोटच बदलले. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन हा पदार्थ शोधून काढला. त्यापासून मऊ फोम होऊ लागला तो १९५० नंतरच्या काळात. हलका, स्वस्त, पाहिजे त्या आकारात कापता येणारा हा फोम जगभर पसरला आणि यथाकाल आपल्याकडेही आला. कापडाच्या जागी रेक्झिन आले, फणसाच्या जागी प्लायवूड आणि भुशाच्या फळ्या आल्या, टाक्यांच्या जागी डिंक आणि तारेच्या पिना आल्या. या सामानाचा एक विशेष कोकणाने चांगला पाहिला आहे. मुंबईच्या खोलीत नवा कोच आला की जुना कोच टेंपोत बसून गावी येतो. चाकरमान्याच्या मायेची ती खूण आहे यात शंका नाही. परंतु तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आपल्या घरांत तो कोच तीन-चार पावसाळ्यांत बुरसतो, त्यात उंदीर घर करतात आणि त्यास घेणारा पुढे कोणीच उरत नाही. मुंबईचा कोच गावी येतो, गावचा कोच जातो कोठे? तो व्हाळात, खाडीत, नाहीतर आगीत जातो.

फोमची आग म्हणजे काय हे जगाने महाग किंमत देऊन शिकले आहे. ८ मे १९७९ रोजी इंग्लंडात मँचेस्टर येथील वुलवर्थच्या दुकानात फोमचे फर्निचर पेटले आणि १० माणसे मेली. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही असतो. रेक्झिन बहुधा पीव्हीसीचे असते आणि ते जळाले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. त्या देशाने १९८८ साली घरगुती कोचांसाठी अग्निसुरक्षेचे कडक नियम केले, आणि कारखानदार फोममध्ये व कापडात आग रोखणारी रसायने घालू लागले. पुढे असे दिसले की त्यांतली काही रसायने निसर्गात वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत आणि प्राण्यांच्या शरीरात साचत जातात. स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली त्यांतील कित्येकांवर बंदी आली. भारतानेही २०१८ साली नियम करून अशा काही रसायनांस मनाई केली. इंग्लंडात तर २०२३ च्या आरंभापासून असे कोच जमिनीत पुरण्यास बंदी झाली. ते विशिष्ट भट्टीतच जाळावे लागतात. आपल्या घरातील फोममध्ये काय घातले आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून अंगणात, शेतात, समुद्राच्या वाळूवर कोच जाळू नये, हा एकच शहाणपणाचा नियम उरतो.

"मग कचऱ्याच्या डेपोवर नेऊन टाका," असे आपण म्हणाल. मुंबईची देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. २०१६ च्या जानेवारीत ती पेटली तेव्हा कित्येक दिवस मुंबई धुरात होती. सर्वांत जवळ राहणारे लोक सर्वांत गरीब होते, हे सांगावयास नकोच. आणि आपल्या बाजूस डेपोचेही काम समुद्राकडूनच करून घेण्याचा मोह असतो. मालवणचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याच पाण्यावर आपले मच्छीमार जगतात. खाडीत टाकलेला फोम कुजत नाही. उन्हाने व लाटांनी त्याचा चुरा होतो आणि तो चुरा मासळीच्या पोटात व रापणीच्या जाळ्यात येतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी म्हण आपण दुसऱ्याच्या स्वभावास लावतो. या फोमचा पीळ त्याहून चिवट आहे.

एकाच दिवशी हजारो गाद्या टाकण्याची पाळी आली म्हणजे काय होते, तेही आपण शेजारी पाहिले आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. पाणी ओसरल्यावर घराघरांतून भिजलेल्या गाद्या, कोच आणि कपाटे रस्त्यावर आली. ओली गादी एका माणसास उचलत नाही. त्या पाण्यात गटारेही मिसळलेली होती आणि उंदरांच्या मुतापासून होणाऱ्या लेप्टोची भीती होती. बाहेरच्या शहरांच्या सफाई पथकांनी येऊन ते ढीग उपसले. वर्तमानपत्रांत पुराच्या पाण्याची उंची छापून आली, आणि ती यावीच. पण त्या गाद्या ज्यांनी उचलल्या त्यांच्या हातांत मोजे होते की नाहीत, याचीही नोंद इतिहासाने ठेवावयास हवी होती.

कायदा या बाबतीत मुका राहिलेला नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी रस्त्यावर, मोकळ्या जागी, गटारात वा पाण्यात कचरा टाकण्यास, जाळण्यास व पुरण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. पण नुसत्या मनाईने कोच नाहीसा होत नाही. त्यास जाण्यास वाट लागते.

वाट काढता येते याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. आपल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने २०१५ च्या सुमारास कचऱ्याच्या डेपोचा कायापालट केला. घरातच कचरा वेगळा करून घ्यायचा, डेपोवर त्याचे आणखी बारीक वर्गीकरण करायचे, ओल्यापासून गॅस व खत, प्लॅस्टिकचा चुरा डांबरी रस्त्यास. जेथे नाक धरून जावे लागे तेथे लोक पाहण्यास येऊ लागले. दुसरे उदाहरण पुण्याचे. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि पुढे तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. ज्यांना शहर उकिरड्यावरची माणसे म्हणत होते ती ओळखपत्र घेऊन दारात येऊ लागली. वेंगुर्ल्याने वर्गीकरणाचे महत्त्व दाखवले, पुण्याने वर्गीकरण करणाऱ्या माणसाचे. आपल्या गादीच्या प्रश्नास ही दोन्ही लागतात.

तेव्हा प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. पहिली गोष्ट, वस्तू खरोखर संपली आहे काय ते पाहा. कापसाची गादी आजही पिंजून मिळते. सांगाडा बरा असेल तर कोच नव्याने भरता येतो. दुसरी गोष्ट, ढेकूण झालेली गादी "घेऊन जा, उपयोगी पडेल" म्हणून कामवालीस देऊ नका. ढेकूण काही महिने उपाशी राहून जगतो. जाड गादीच्या पोटापर्यंत उन्हाची धग पोचत नाही. अशी गादी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून, वर तसे लिहून, सांगूनच द्यावी. गरिबास दान म्हणून रोग देणे ही १८९७ च्या होळीची उलटी बाजू होय.

तिसरी गोष्ट, कोच उसवूनच बाहेर काढा. हे काम अंगणात, कोरड्या दिवशी, नाकातोंडास चांगला मास्क आणि डोळ्यांस चष्मा लावून करावे. प्रथम रेक्झिन वा कापड पाण्याने थोडे ओले करावे म्हणजे धूळ उडत नाही. पक्कडीने पिना काढून एका डब्यात जमा कराव्यात. उघड्या पिनेने सफाई कामगाराचा हात फाटतो. स्प्रिंगांची सुतळी कापताना तोंड बाजूला ठेवावे, कारण दबलेली स्प्रिंग उसळते. लोखंड भंगारात जाते. कोरडा, स्वच्छ फोम भंगारवाले घेतात आणि त्याचा चुरा करून, चिकटवून, दाबून त्याच्या पुन्हा गाद्या होतात. भिजलेला व बुरसलेला फोम मात्र कोणी घेत नाही, म्हणून कोच पावसात पडू देऊ नये. भरीव लाकूड सुतारास द्यावे. प्लायवूड व भुशाची फळी चुलीत घालू नये, त्यात डिंकाची रसायने असतात. साधा काथ्या माडाच्या आळ्यात चालतो, रबर मारलेला चालत नाही.

चौथी गोष्ट नगराने करावयाची आहे. वर्षातून दोन वेळा, एकदा पावसापूर्वी आणि एकदा चतुर्थीच्या आधी घरे आवरतात तेव्हा, मोठ्या सामानाचे दिवस जाहीर करावेत. नगरपरिषदांनी आणि ग्रामपंचायतींनी मिळून एक छपराची जागा, एक गाडी आणि उसवण्याचे काम जाणणारी माणसे ठेवावीत. ज्याचा कोच त्याने त्याची फी भरावी. जो कोच घेण्यास हजारो रुपये मोजतो त्यास तो नीट निरोप देण्यास थोडे मोजणे जड जाऊ नये. त्या फीतून मोजे, मास्क, बूट, औषधपाणी आणि रास्त मजुरी द्यावी. धुराने छाती भरली तर तो कामावरचा अपघात म्हणून लिहावा.

तात्पर्य एवढेच की, सव्वाशे वर्षांपूर्वी गरिबाची वळकटी सरकारने जाळली आणि नुकसान गरिबाचे झाले. आज सुखवस्तू घरातला कोच खाडीकाठी जळतो आणि नुकसान पुन्हा त्याच माणसाचे होते. त्या काळच्या अधिकाऱ्यांजवळ रोगाचे पुरते ज्ञान नव्हते, अशी सबब तरी सांगता येते. आपणांजवळ ज्ञान आहे आणि कायदेही झाले आहेत. तीही सबब आपणांस उरलेली नाही.

त्या बाईंस मी पुढच्या बैठकीत उत्तर दिले, ते असे: "बाय, तो सोफो तुम्ही कोठे टाकायचा हा प्रश्न तुमचा नाही. ज्याचा सोफो त्याचा आणि गावाचा आहे." त्या म्हणाल्या, "ता गावाक सांगा." म्हणून आज सांगावयास आलो.